धोंडीचं ढेकूळ

शाळेनं मला कधी बोलावलं न्हाई अन् मी कधी गेलो न्हाई, त्यामुळं आमचं दोघांचं कधी भांडण बी झालं न्हाई. माझा अंगठा सुद्धा कागदावर वाकडा उठतो. एवढं असून मी एकदा लातूरला विज्ञानाच्या स्पर्धेला गेलो होतो, मांडीवर मडकं घेऊन. लोकांला वाटतं, फेकून राहिला. न्हाई. त्या मडक्यात काय होतं अन् ते आमच्याच गोठ्यातून कसं निघालं ते सांगतो, मग खुशाल हसा. त्या टायमाला मी हसलो नव्हतो.

लातूर नवा जिल्हा झाला त्याच्या आगंमागंची गोष्ट. आमचं गाव उदगीरच्या पल्याड, कर्नाटकाच्या अंगाला. आधी कचेरीचं काम निघालं तं उस्मानाबाद गाठावं लागायचं. जायला एक दिवस, यायला एक दिवस, अन् मधी एक दिवस साहेब जागेवर न्हाईत म्हणून. आता लातूर झालं. गावानं पेढे वाटले. कुणीतरी मला सांगितलं, जिल्हा नवा झाला की सगळंच नवं येतंय, अन् मी खुळ्यावानी तळ्याकडं बघत बसलो, आता पाणी बी नवं येईल म्हणून. आलं न्हाई. आधीच दोन पावसाळे हुलकावणी देऊन गेले होते. त्या उन्हाळ्यात तळ्याचा तळ दिसला, अन् मग तळ बी फाटला.

गाळ उघडा पडला तसं सगळं गाव बैलगाड्या घेऊन तळ्यात उतरलं. दुष्काळात तेवढंच फुकट मिळत असतंय. गाळ रानात टाकायचा, चिकण माती घरी आणायची, भिंती लिंपायला, माळवदावर घालायला. आमच्या घरी बी आणली, गोठ्याच्या सावलीत पाण्याच्या रांजणाशेजारी ढीग लावला. म्हणजे भावानं लावला. मी गाडीत बसून बैलांला धीर दिला. वहिनीनं त्यातली टोपलंभर घेऊन मधल्या खोलीची एक भिंत लिंपली. बाकीचं काम राहिलं, कारण भावाला सवड नव्हती अन् मला सवडच सवड होती.

भावाची पोरगी आठवीला होती. आमच्या खानदानात पुस्तक उघडून न झोपणारी ती पहिलीच. मृग कोरडा गेला, शाळा उघडली, अन् सरांनी सांगितलं की नव्या जिल्ह्याची विज्ञान स्पर्धा लातूरला भरणार हाय. सर आंध्राच्या शिवेवरल्या धर्माबादकडले. रागावले की तेलुगूत पुटपुटायचे, त्यामुळं शिव्या हायेत का आशीर्वाद, पोरांला कळायचं न्हाई. शाळेतून एकाच पोराला जाता येणार होतं. पुतणीनं विषय घेतला आमचं तळं अन् तळ्यातले जीव.

सर म्हणले, तळ्यात पाणी न्हाई, जीव कुठले? ती म्हणली, हायेत, खाली हायेत. सरांनी तिला नाही म्हणलं न्हाई, पण अट घातली. बेस्तरवारपर्यंत त्या तळ्यातलं जिवंत काहीतरी आणून दाखव. नुसतं चित्र काढून नेलं तं लातूरवाले विचारतील, हे गावातलं का पुस्तकातलं? न्हाई मिळालं तं वरच्या वर्गातल्या पोराचा गोबरगॅस पाठवतो. तो पोरगा तं पत्र्याचा डबा अन् रबरी नळी घेऊन तयारच बसला होता.

हे खाली जीव असायचं तिला कुठनं मालूम? नांदेडला आमच्या मामाचा नातू कॉलेजात होता, त्याची जुनी पुस्तकं तिनं मागवून घेतली होती. चुलीपुढं बसून ती आमाला समजावून सांगायची. काही जीव म्हणे पाणी आटलं की मातीत खोल जातात अन् पाऊस येईपर्यंत झोपून राहतात. खात न्हाईत, पीत न्हाईत, हलत न्हाईत. त्याला ग्रीष्मनिद्रा म्हणतात.

वहिनी भाकरी थापता थापता म्हणल्या, "मग भावजीलाच घेऊन जा की लातूरला. खात न्हाईत तेवढंच जुळत न्हाई."

भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. मी बी हसलो. अन् त्या बोलण्यावर मी तिचा मदतनीस झालो. मदतनीस म्हणजे पहार वागवणारा.

आमी भर दुपारीच तळ्यात जायचो. सकाळ-संध्याकाळ गुरं त्यातून जातात, गलका असतो, अन् तिला ऐकायचं होतं. दुपारच्या बाराला शहाणं माणूस तळ्याकडं फिरकत न्हाई. मी शहाणा नव्हतो, पण भ्यायला त्याची गरज लागत न्हाई. तळाला भेगा पडल्या होत्या, पाय जाईल एवढ्या. मधली ढेपसं उन्हानं भाजून वर उचलली होती. त्यावर चाललं की खाली पोकळ वाजायचं, जसं खाली कुणाची तरी खोली हाय अन् आपण तिच्या छतावरून चाललो. कावळा न्हाई, टिटवी न्हाई, वाऱ्याची झुळूक न्हाई. शिंपल्या तोंड उघडून पडलेल्या. मी एकदा खोकलो. खोकला परत आला, पण जरा उशिरानं, अन् माझ्यासारखा न्हाई.

मी भेगेत खडा टाकला. पडल्याचा आवाज आला न्हाई. दुसरा टाकला. त्याचा बी न्हाई. तिसरा टाकायची माझी हिंमत झाली न्हाई, खालून कुणी परत फेकला तं काय घ्या.

पुतणी मात्र भुईवर पालथी पडायची, भेगेला कान लावायची अन् डोळे मिटून घ्यायची. एवढी खामोश पडायची की माशी गालावर बसली तरी हात उचलायची न्हाई. मी शेजारी पहार धरून उभा. मला तिच्याकडं बघवायचं न्हाई. जिवंत माणूस असं पडत न्हाई.

मग ती उठायची, बोट दाखवायची, अन् मी खणायचो. खेकड्याचं टरफल निघालं. मरळ माशाचा अख्खा सांगाडा निघाला, वाकलेला, जसा वळता वळता वाळून गेला. गोगलगाईंचे शंख निघाले. सगळं होतं, फक्त जीव नव्हता. अन् मी खणणार किती? हातभर. त्याच्या पुढं मला पहार उचलंना.

रानातून येणाऱ्या बायांनी तिला तसं पडलेलं बघितलं. दोन दिवसांत गावभर झालं, तळ्यानं पोरगी धरली. आटलेलं तळं माणूस मागतं, असं आमच्याकडं जुनी माणसं म्हणायची. वहिनीनं पोरीच्या दंडाला काळा दोरा बांधला. मला म्हणल्या, "भावजी, बेस्तरवारपर्यंत मी काही बोलणार न्हाई. पुढं तळं बी बंद अन् लातूर बी बंद. अन् तिला काही झालं तं तुमाला घरात भाकर न्हाई." पोरगी ऐकत होती. त्या रात्री तिनं पुस्तक उघडलं न्हाई.

आता गोठ्याचं सांगतो. तळ्यावरून आलो की मी गोठ्यात बाज टाकून पडायचो. एका दुपारी डोळा लागायलाच होता अन् त्या मातीच्या ढिगावरून मूठभर माती खाली सरली. सर्र. कुणी हात लावला न्हाई, वारा न्हाई. मी पडल्या पडल्या बघत राहिलो. आमचा बैल रवंथ करायचा थांबला अन् ढिगाकडं बघाय लागला. बैल थांबला म्हणल्यावर मला घाम फुटला. माझ्यापेक्षा त्याची अक्कल जास्त, हे घरात सगळ्यांला मालूम होतं.

दुसऱ्या दुपारी परत तसंच. सर्र, अन् गप. मला वाटलं, ढीग श्वास घेऊन राहिला. आपण तळ्याची माती उचलून आणली, तिच्यासंगं तळ्यातलं काहीतरी घरी आलं. लिंबू-मिरची बांधावी तं लिंबू महाग, म्हणून मी नुसती मिरची बांधली. भावाला सांगितलं. तो म्हणला, उंदीर असंल. वहिनी म्हणल्या, भूत असतं तं भावजीचं घोरणं ऐकून कवाच पळालं असतं. मी गुमान बाज उचलली अन् बैलाच्या पल्याड टाकली. पुतणीला मात्र काही बोललो न्हाई. ती तळ्याच्या भेगेला कान लावणारी, अन् मी मातीच्या ढिगाला भ्यायलो, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू?

तेवढ्यात गावानं धोंडी काढायचं ठरवलं. पाऊस ताणला की आमच्याकडं धोंडी निघते. एका माणसाला कंबरेला अन् डोक्याला कडूलिंबाचे डहाळे बांधायचे, त्याच्या खांद्यावर मुसळ, मुसळाला ओल्या फडक्यात बेडूक बांधलेला. दारोदार जायचं, बाया वरून पाणी ओततात, पीठ देतात, अन् शेवटी तो बेडूक विहिरीत सोडायचा. म्हणजे बेडूक पावसाला बोलावतो. बाकीच्या गावांत पोरं धोंडी होतात. आमच्या गावात मी. लंगोटीवर फिरायची लाज नसलेला मोठा माणूस असताना पोरं कशाला, असं पाटील म्हणायचे. अन् बेडूक आणायचा तो धोंडीनंच, ही रीत.

पण त्या साली गावात बेडूक कुठं होता? देवळामागल्या विहिरीत गुडघाभर पाणी, त्यात सुद्धा न्हाई. पाणी मागायला बेडूक पाहिजे, अन् बेडकाला पाणी पाहिजे. पाटील म्हणले, तुझी पुतणी तेच शिकून राहिली न्हवं, तिला विचार.

मी विचारलं. ती म्हणली, "काका, घावला तरी मी देणार न्हाई. तू त्याला मुसळाला टांगशील. मला तो लातूरला न्यायचा हाय." मग म्हणली, "अन् उद्याच बेस्तरवार हाय."

दुसऱ्या दिवशी धोंडी निघायची वेळ झाली अन् माझ्याकडं बेडूक न्हाई. म्हणलं, फडक्यात काय हाय ते कोण सोडून बघतो? वजन लागलं म्हणजे झालं. तळ्यातून ढेकूळ आणावं म्हणलं तं ऊन असलं की जीव जाईल. मी गोठ्यात गेलो. बैलाकडं बघितलं, डोळे मिटले, अन् ढिगाच्या बुडातून, रांजणाच्या अंगाचं, नारळाएवढं एक ढेकूळ ओढून काढलं. धोतराच्या फडक्यात गुंडाळलं, मुसळाला बांधलं, अन् निघालो.

एरवी बाया घागर ओततात. त्या साली तांब्या मिळाला तं नसीब. कुणी कुणी तं चूळ टाकल्यावानी शिंपडलं. पण घर पाठीमागं घर, फडकं भिजत गेलं, पाठीवरून चिखलाचं पाणी उतरायलं. मी आतल्या आत खुश. सगळ्या गावाला बनवलं, पावसाला बी बनवलं.

शेवटचं घर आमचं. दारात वहिनी अन् पुतणी. मागं गावची माणसं, पाटील, कडंला सर बी उभे. वहिनीनं पोरीकडं एकदा बघितलं अन् भरलेली घागर उचलली. अख्खी घागर, त्या दुष्काळात. मुसळावर, फडक्यावर, माझ्या डोक्यावर ओतली, अन् हात जोडून उभ्या राहिल्या.

तवा माझ्या पाठीला काहीतरी लागलं. आधी वाटलं, ओलं फडकं हलतंय. मग परत लागलं. बाहेरून न्हाई, आतून. पोटुशी बाईच्या पोटात लेकरू फिरतंय तसं, हळू. फडक्यात ढेकूळ हाय, हे गावात एकट्या मलाच मालूम होतं. म्हणून भ्यायलो बी मी एकटाच.

मी म्हणलं, "वहिनी, माझ्या मागं कोण हाय?"

"कुणी न्हाई की."

अन् माझ्या कानामागं कुणीतरी घसा साफ केला. म्हाताऱ्या माणसानं झोपेतून उठल्यावर करावा तसा.

मुसळ टाकून मी पळालो. पळालो म्हणजे दोन पावलं. लिंबाच्या डहाळ्यात पाय अडकला अन् उंबऱ्यापुढं तोंडावर आपटलो. कंबरेचे डहाळे एका बाजूला, मी एका बाजूला. आयुष्यात इतक्या वेळा पडलो, पण मी पडल्यावर कुणी हसलं न्हाई असं ते एकदाच झालं. मी मान वर करून बघितलं. सगळे फडक्याकडं बघत होते. फडकं सुटलं होतं. ढेकळाचा चिखल झाला होता, अन् त्या चिखलात एक डोळा उघडला. मग दुसरा.

पाटील पुढं झाले, म्हणले, धोंडीचा बेडूक हाय, चला विहिरीवर. पण पुतणी तिथंच उकिडवी बसली. चिखलाचं उरलेलं ढेकूळ तिनं हातात घेतलं, वास घेतला.

"काका, हे ढेकूळ कुठलं?"

पाटील म्हणले, "ढेकूळ? कसलं ढेकूळ?"

मी सरांकडं बघितलं, पाटलांकडं बघितलं. खोटं बोलायची मला सवय हाय, पण पोरीचा बेस्तरवार मावळून राहिला होता. म्हणलं, मार तं मार. "बेडूक घावला न्हाई," मी म्हणलो. "मी नुसतं ढेकूळ बांधलं होतं."

मी डोक्यावर हात घेऊन बसलो. कुणी मारलं न्हाई. पाटील हळूच म्हणले, "मग त्यात जीव कुणी घातला?"

मी गप बसलो तसं लोकांला वेगळंच वाटलं. एक म्हातारी पुढं आली अन् माझ्या पाया पडली. लंगोटी अर्धी सुटलेली, नाकाला चिखल, अन् लोक रांगेनं पाया पडायले. मी पाय मागं ओढतोय, ते पुढं येतायत. त्यांच्या तोंडावर जे होतं, ती भक्ती नव्हती. भीती होती. माझी कुणाला भीती वाटावी, ह्याचीच मला लई भीती वाटली.

पुतणीनं परत विचारलं, "काका, कुठलं?"

"गोठ्यातल्या ढिगाचं. उन्हात तळ्यापर्यंत कोण जाईल?"

तिनं गोठ्याकडं बघितलं. मग समोरच्या घराच्या भिंतीकडं, मग त्याच्या पलीकडल्या माळवदाकडं. मोठ्यानं बोलली न्हाई, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणली, "तळ्यात कसे घावतील? आपण त्यांला घरी आणलंय."

ते सगळ्यांनी ऐकलं. सगळे आपापल्या घराकडं बघाय लागले. घराघरात तोच ढीग, तीच भिंत, डोक्यावर तीच माती. एक बाई भिंतीला टेकून उभी होती, ती हळूच पुढं सरकली. दुसरीनं लेकरू उचलून कडेवर घेतलं. अन् सगळं गाव असं गप झालं की तो बेडूक गळा हलवायचा, ते बी दिसायच्या आधी ऐकू आल्यासारखं वाटायचं.

तो बेडूक पाटलांनी विहिरीत सोडला. पोरीनं भांडण केलं न्हाई. म्हणली, तो गावाचा, माझा मला घावंल. सर तिच्यासंगं गोठ्यात आले, ढिगापुढं बसले, तेलुगूत काहीतरी म्हणले, अन् त्या दिवशी पहिल्यांदा आमाला कळलं की ती शिवी नव्हती. त्यांनी सांगितलं, ढीग भिजवू नको. झोपलेलाच ने, तिथं सगळ्यांदेखत उठू दे. गोबरगॅसवाल्या पोराला घरी पाठवलं.

पण कुठल्या ढेकळात झोपलाय हे कुणाला मालूम? पोरीनं एकेक ढेकूळ कानाला लावलं. तीन निवडली. ती नुसती माती बी असतील, हे तिला मालूम होतं, मला बी. वहिनीनं मडकं दिलं, तळाला फडकं घातलं. काळ्या दोऱ्याचं नाव काढलं न्हाई.

उदगीरवरनं लातूरची एसटी. मडकं माझ्या मांडीवर. मी जन्मात एसटीत जागा राहिलो न्हाई, त्या दिवशी राहिलो. मडकं थंड होतं. उन्हाळ्यातल्या मडक्यापेक्षा जास्त थंड.

लातूरला हॉलमध्ये ओळीनं गोबरगॅस मांडलेले. सगळ्या जिल्ह्याचं शेण तिथं आलं होतं. मधी आमची परात, त्यात तीन ढेकळं. लोक यायचे, बघायचे, पुढं जायचे. तपासणारे साहेब आले, म्हणले, हे काय? ती म्हणली, आमचं तळं. ते म्हणले, अन् ह्यात काय हाय? ती म्हणली, "मालूम न्हाई. पाणी ओतून बघा."

त्यांनी तांब्या घेतला, ओतला. काही झालं न्हाई. ढेकळं विरघळाय लागली. पहिल्यात काही न्हाई. तिसऱ्यात काही न्हाई. साहेब बाजूच्या टेबलाकडं वळले. पोरीची बोटं परातीच्या काठावर पांढरी पडली होती. मी आमच्या मारुतीला म्हणलं, मला पुढच्या जन्मी बी अडाणी ठेव, पण एक डोळा उघड.

मधलं ढेकूळ हललं. माती एका बाजूनं उचलली, जसं कुणी पांघरूण सारावं. साहेब परत वळले. बाजूच्या गोबरगॅसची बुडबुड ऐकू यायली, एवढी शांतता झाली. डोळा उघडला अन् सरळ साहेबांकडं बघाय लागला. साहेबांनी विचारलं, हा कधीपासून आत हाय? ती म्हणली, तळं आटल्यापासून. साहेब वाकून बघत होते, ते सरळ झाले अन् टेबलापासून एक पाऊल मागं सरले. मग वहीत काहीतरी लिहिलं.

दुसरा नंबर आला. पहिला गोबरगॅसलाच गेला, दुसऱ्या शाळेच्या. मी रडलो. पोरगी रडली न्हाई. येताना तिनं सगळ्या रस्त्यानं मडक्याचं तोंड ओल्या फडक्यानं झाकून धरलं, अन् गावात आल्यावर घरी जायच्या आधी विहिरीवर गेली.

घरी आलो तं वहिनी मधल्या खोलीत, ती एकच लिंपलेली भिंत होती ना, तिच्यापुढं उभ्या. दिवसभर त्या खोलीत गेल्या नव्हत्या म्हणे, आमची चाहूल लागली तवा आत आल्या. पोरीनं चपला काढल्या, भिंतीला कान लावला अन् डोळे मिटले, तळ्यात लावायची तसा. कितीतरी वेळ. मग मला हातानं खूण केली. मी बी लावला. भिंत थंड होती. आत काहीतरी धप धप करत होतं, लई हळू.

पोरगी म्हणली, काका, ते तुझंच रगत हाय, कानातलं. पुस्तकात तसं हाय. असंल. पण मी बाजूला झाल्यावर तिनं परत कान लावला, अन् मला बोलू दिलं न्हाई.